रिकाम्या डब्याची जपानी रीत

आधारभाऊ बिऱ्हाडे पुण्याहून परत आले ते डोळ्यांत जपान घेऊन. जपान त्यांनी पाहिला नव्हता. माल घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं आपल्या छोट्या पुरवठादारांसाठी वर्ग भरवला होता आणि तिथल्या पडद्यावर एक जपानी कामगार रिकामा डबा ठेवायचा, भरलेला उचलायचा, पुन्हा रिकामा ठेवायचा. आरडाओरड नाही की शोधाशोध नाही. पाटाचं पाणी एक वाफा भरला की आपसूक पुढच्या वाफ्यात शिरावं, तसा तो माल वाहत होता. आधारभाऊंना ते बघून भरून आलं. शेजारच्या खुर्चीवरचा नाशिककर तेव्हा घोरत होता, हे त्यांना बरंच वाटलं.

भरून येण्याचं कारण जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, मोतीशेठच्या शेडमध्ये होतं. कपाशीवर औषध मारायचे पाठीवरचे पंप तिथे जोडले जात. हंगामाचा सगळा माल एकदमच येऊन पडे. मग जोडणीच्या बाया वायसरच्या, म्हणजे रबरी चकत्यांच्या, पोत्यांवर बसत, दांड्यांच्या खोक्यांवर भाकरीची फडकी सोडत आणि एक व्हॉल्व्ह हवा झाला की चौघी उठून ढिगात हात घालत. त्यात व्हॉल्व्ह सापडत नसे. मागच्या वर्षी हरवलेला चष्मा मात्र सापडे. आधारभाऊ या सगळ्याचे सुपरवायझर होते. धुळ्याच्या तंत्रनिकेतनातली पदविका भिंतीवर आणि ही जत्रा डोळ्यांसमोर, अशी त्यांची नोकरी चालली होती.

"तर मग लावा तुमची जपानी रीत," मोतीशेठ म्हणाले. "संक्रांत झाली की कंपनीचे साहेब बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर लाइन थांबली नाही, तर मोठी ऑर्डर आपली आणि तुम्ही इथले इनचार्ज. थांबली, तर ही जोडणी मी धुळ्याच्या शेडमध्ये हलवणार. तिथे जागा मोठी आहे, पोती मावतील. तुम्हीपण तिकडेच."

आधारभाऊंचं धुळ्याशी वैर नव्हतं. पण त्यांची बायको शेवंता जळगावच्या नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवायची. धुळं म्हणजे खोली करून राहायचं, खानावळीत जेवायचं आणि शनिवारी एसटीच्या मागच्या बाकावर आदळत घरी यायचं. शेवंता ऐकून एवढंच म्हणाली, "डबे नीट चालवा हो." पोळी लाटता लाटता म्हणाली, पण लाटणं क्षणभर थांबलं होतं, हे आधारभाऊंनी पाहिलं.

रीत तशी सोपी होती. प्रत्येक सुट्या भागाचे दोन डबे. एक बायांपुढे, दुसरा त्याच्या मागे. पुढचा संपला की तो गाडीवर ठेवायचा आणि मागचा पुढे ओढायचा. गाडी रिकामा डबा अंगणापलीकडच्या स्टोरमध्ये नेणार, स्टोर तो भरून परत धाडणार. चिठ्ठी नाही, हाका नाहीत. रिकामा डबा दिसला, की तीच मागणी.

संध्याकाळी कॉलनीच्या ओट्यावर ही गोष्ट निघाली. एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले नाना म्हणाले, "जयभीम आधार, ऐकलं मी. पण दोन डब्यांवर भागायचं नाही. स्टँडवर नेहमी एक जादा गाडी उभी लागते."

"नाना, जादा ठेवायचंच नाही, हीच तर रीत आहे."

"मग ब्रेकडाउन झाल्यावर प्रवासी काय जपानला जातील?" नानांनी विचारलं आणि ओट्यावरचं जनमत नानांकडे गेलं.

शेजारचे नूर महंमद मात्र खूश होते. बाजारात त्यांचं पत्र्याच्या पेट्या-डब्यांचं दुकान होतं. "डबे माझ्याकडून घ्या आधारभाऊ. असे बनवतो, का तुमच्या लेकीच्या लग्नात देता येतील."

लेकीच्या लग्नात द्यायचे डबे नको होते, हे तेव्हाच बोलायला हवं होतं. पण शेजारधर्म आडवा आला.

पुढचा अडथळा होता भिकन. भिकन खरेदीचा कारकून. त्याच्या लेखी कारखान्यात पोतं असे, खोकं असे, पिंप असे, डबा नव्हता. "डबा हा प्रकार कॅन्टीनच्या भांड्यांत बसतो," तो म्हणाला. "तर कॅन्टीन कमिटीची मंजुरी लागेल." कॅन्टीन कमिटीचा चिटणीस भिकनच होता. भिकननं खरेदी-कारकून म्हणून भिकन चिटणिसाला पत्र लिहिलं आणि उत्तराची वाट पाहत बसला. आधारभाऊ रोज विचारत. "अजून तिकडून काही आलं नाही," भिकन सांगे आणि खिडकीतून बाहेर बघे, जणू ते उत्तर भुसावळ पॅसेंजरनं यायचं होतं. अखेर मंजुरी आली, पण अटीसकट: कॅन्टीनची भांडी झाकणाचीच असावीत.

अशा रीतीनं जपानी डब्यांना झाकणं आली. झाकण आलं म्हणून नूर महंमदनी कडी लावली. कडी लावल्यावर डबा मोकळा मोकळा दिसायला लागला, म्हणून त्यांनी प्रत्येकावर एकेक हिरवा पोपट काढला. चोच लाल, डोळा काळा, पायाखाली गुलाबाची फांदी. डबे शेडमध्ये उतरले तेव्हा आधारभाऊंनी आधी मोतीशेठ केबिनमध्ये नाहीत ना, ते बघून घेतलं. बाया मात्र कामं टाकून भोवती जमल्या. वयानं सगळ्यांत मोठ्या द्रौपदाबाईंनी एका पोपटावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "माय वं! कितला गोड शे!"

गाडीचं काम पुनाकडे दिलं. पुना बोदवडकडचा, चाळिशीचा, शांत. धावपळीनं माणूस लवकर म्हातारा होतो, यावर त्याचा विश्वास असल्यामुळे तो बराच तरुण दिसायचा. त्याला केळीवाल्याची जुनी लोटगाडी मिळाली. ती स्टोरच्या दारातून आत जाईना. मग ठरलं, की गाडी दाराशी थांबेल आणि स्टोरकीपर अभिमन डबे उचलून घेईल. अभिमनला नियम सांगताना आधारभाऊ जरा जोरातच बोलले, "हे बघ, रिकामा डबा आला तरच भरायचा. रिकामा नसेल तर हात लावायचा नाही."

अभिमननं मान डोलावली. तो नियमाचा माणूस होता. एकदा दिलेला नियम तो मोडत नसे, वाकवत नसे आणि शक्यतो समजूनही घेत नसे.

पहिला दिवस जपानात गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइन थांबली. वायसर संपले. आधारभाऊ अंगण ओलांडून स्टोरमध्ये गेले. वायसरचा डबा फळीवर ऐटीत बसला होता, पोपट बाहेर बघत होता.

"अभिमन, हा भरला का नाही?"

"रिकामा नाही तो."

आधारभाऊंनी झाकण काढलं. आत मूठभर बोरं होती. चांगली पिकलेली, गोल, टणक. शेजारच्या डब्यात भुईमुगाच्या शेंगा. नोझलच्या डब्यात एक कोवळं, हिरवं भरताचं वांगं, देठासकट.

"माल आहे त्यात," अभिमन शांतपणे म्हणाला. "मी हात लावला नाही." त्याच्या टेबलाखाली बोरांच्या बिया पडल्या होत्या. पण तो प्रश्न आधारभाऊंनी काढला नाही.

ते तसेच द्रौपदाबाईंकडे आले. माणूस रागावला की घरच्या बोलीवर येतो. "माय, डबा रिकामा धाडाना व्हता ना?"

द्रौपदाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू यांच्या आईनं यांना काहीच शिकवलं नाही. "भाऊ, कोनाघरना डबा रिकामा धाडनं बरं दिखस का?"

"हाई घर नही. स्टोर शे."

"स्टोरमा मानसे नहीत का?"

 शेजारणीकडून वाटी आली, की ती धुऊनपुसून रिकामी परत करायची नसते. चिमूटभर साखर का होईना, आत घालायची असते. रिकामी वाटी परत करणं म्हणजे तुमचा आमचा हिशोब संपला, असं सांगणं. खानदेशात हे कुणी शिकवत नाही, पोरी पाळण्यातच शिकून येतात. आणि इथे तर झाकणाचा, कडीचा, पोपटाचा डबा भरून आला होता! त्यात वायसर होते की बुंदी होती, हा बारकावा झाला. आधारभाऊ समजावत होते, पंपांचं, साहेबांचं, जपानचं सांगत होते, आणि पलीकडे बेबाबाई दांडी बसवता बसवता गुणगुणत होती:

*डबा उना स्टोरमातून, वर पोपट रंगीत,*
*रिकामा कसा धाडू माय, भरी धाडसू भरीत.*

बाकीच्या दुसरी ओळ धरत होत्या. चाल गोड होती. आधारभाऊंनाच ती दिवसभर सुटेना.

"बरं, थोडंसंच टाकसूत," द्रौपदाबाई शेवटी म्हणाल्या. त्यांच्या मते हा मोठाच समझोता होता.

मग थोडंसंच सुरू झालं. चिमूटभर साखर आली, तिच्या मागे मुंग्या आल्या. पाणी भरून तपासलेल्या एका पंपातून फवाऱ्याबरोबर मुंग्या उडाल्या आणि मोतीशेठच्या पांढऱ्या शर्टावर बसल्या. साखर बंद झाली, ज्वारीचे दाणे आले. एक दाणा नोझलमध्ये अडकला आणि पंप जागच्या जागी फुगून बसला. तिकडे स्टोरमध्येही माणुसकी जागी झाली होती. बोरं खाल्ल्यावर अभिमनला राहवेना. तो पाचोऱ्याहून आणलेले पेरू भरल्या डब्यात वरून ठेवू लागला. त्याच्या उत्तरादाखल शेडमधून मेथीची जुडी गेली. गाडी दिवसभर चालू होती. पंप चालू नव्हते.

आधारभाऊंनी मग पाटी लावली: 'डबा रिकामाच पाठवावा. हुकमावरून.'

दुसऱ्या दिवशी एकही डबा आला नाही. रिकामा धाडणं शोभत नाही, भरलेला धाडणं मना. तेव्हा बायांनी डबे धाडलेच नाहीत. ओळीनं टेबलांखाली मांडून ठेवले. पोपट सगळे भिंतीकडे तोंड करून होते. द्रौपदाबाई आधारभाऊंशी एकदम शुद्ध बोलू लागल्या. "होय साहेब," म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी साहेब म्हटलं नव्हतं, आणि आधारभाऊंना एवढं कुणी घालूनपाडून बोललंही नव्हतं.

मोतीशेठनं केबिनमधून बोलावलं. "धुळ्याच्या शेडला रंग देऊन घेतोय," ते म्हणाले. "तुमच्या खोलीला कोणता आवडेल?"

घरी येऊन आधारभाऊ खुर्चीत बसून राहिले. शेवंतानं कारण विचारलं नाही. चहा दिला आणि कपाटावरची एक काचेची वाटी त्यांच्या हातात ठेवली. "आबेदाभाभींची आहे. खीर दिली होती त्यांनी. जाता-येता देऊन या, मन रमेल."

आधारभाऊ उठले, अंगणात गेले, नूर महंमदच्या फाटकाला हात घातला आणि थांबले. मग मागे फिरून दारातूनच ओरडले, "अगं, ही रिकामीच दिलीस! अशी कशी देऊ? काहीतरी घाल ना!"

बोलून झाल्यावर त्यांनी आपलंच बोलणं ऐकलं. पुण्याचा वर्ग, पडद्यावरचा जपानी, पाटी, हुकूम, सगळं त्या फाटकाशी गळून पडलं. हातात पदविकाधारक सुपरवायझरची नव्हे, एका संकोचलेल्या शेजाऱ्याची वाटी होती.

शेवंता म्हणाली, "आता या वेळी काय घालू? केलेलं काही नाही." तिनं सुपातल्या वाळल्या लाल मिरच्या उचलल्या, चार वाटीत टाकल्या. "चालतंय. रिकामी गेली नाही म्हणजे झालं."

आधारभाऊ वाटीकडे बघत राहिले. मिरची. मुंग्या लागत नाहीत, नोझलमध्ये शिरत नाही, लांबून दिसते. आणि वायसर म्हणून कुणी पंपात बसवणार नाही.

आबेदाभाभींना वाटी मिळाली. मागोमाग "भाईजान एकटेच हसत का होते?" हा निरोपही घरी आला.

सकाळी पाटी बदलली, तशीच एक स्टोरच्या दारावरही लागली: 'डब्यात मिरची दिसताच डबा भरावा. इतर काही असल्यास भरू नये.' द्रौपदाबाईंनी ती बेबाबाईकडून वाचून घेतली, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "आते बरं व्हयनं. मिरची काय, कोनबी देस." दुपारी त्या आधारभाऊंना पुन्हा भाऊ म्हणाल्या. पोपट तोंडं वळवून गाडीवर चढले. पुनाची लोटगाडी अंगणातून संथ लयीत जायची-यायची. बाया पोत्यांवरून उठून स्टुलांवर बसल्या. आलेल्या मिरच्या जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या फोडणीत जात. कॅन्टीनची भांडी म्हणून आलेल्या डब्यांनी अखेर कॅन्टीनची सेवा केली, आणि भिकनचं मन शांत झालं.

संक्रांतीनंतर साहेब आले. सबनीस त्यांचं नाव. उंच, चष्म्याचे, कमी बोलणारे. अशा माणसापुढे मोतीशेठ फार बोलत. सकाळभर सगळं सुरळीत चाललं. साहेबांनी पोपट पाहिले. एका डब्याचं झाकण उचललं.

"ही मिरची कशाला?"

मोतीशेठचा चेहरा उतरला. आधारभाऊ म्हणाले, "साहेब, तीच मागणी. मिरची दिसली की भरायचा."

"मागणी कळवायला डब्यात कार्ड का नाही टाकत?"

"कार्ड शेजारधर्म म्हणून देता येत नाही, साहेब," आधारभाऊंच्या तोंडून खरं ते निघून गेलं.

साहेबांनी झाकण परत बसवलं आणि कडी लावली.

जेवणानंतर साहेब स्टोरच्या दाराशी उभे होते. पुनाची गाडी आली. अभिमननं वायसरच्या डब्याचं झाकण उचललं आणि तो तसाच खाली ठेवला. आत तिळाचा लाडू होता. पाहुणा आला असताना मिरची धाडायला बेबाबाईचं मन धजलं नव्हतं.

"मिरची नाही," अभिमन म्हणाला. "भरत नाही."

"अरे, भर," आधारभाऊ दातांतून म्हणाले.

"पाटी तुमचीच आहे, भाऊ."

सबनीस साहेबांनी लाडू उचलला, खाल्ला. "आता तर रिकामा झाला," ते म्हणाले.

"रिकामा भरायचा हा जुना नियम, साहेब. तो रद्द झाला."

सकाळच्या मिरच्या फोडणीत गेल्या होत्या. शेडमधून नवी आणायची तर गाडी साहेबांसमोर उलटी फिरणार, आणि तोवर बायांपुढचे वायसर संपणार. आधारभाऊंना खानावळीतली पातळ आमटी दिसू लागली. तेवढ्यात पुनानं गाडीच्या दांडीला बांधलेलं आपलं भाकरीचं फडकं सावकाश सोडलं. आतून दुपारची दातानं तोडलेली हिरवी मिरची काढली आणि डब्यात ठेवली.

अभिमननं ती निरखून पाहिली. "हिरवी आहे."

"पाटीवर रंग लिहेल नाही," पुना म्हणाला.

अभिमननं पाटीकडे पाहिलं. "खरं आहे. पण अर्धी आहे."

आणि त्यानं डबा अर्धा भरून दिला.

गाडी निघाली. आधारभाऊ तिच्यामागे चालत होते, पाऊल आणि श्वास दोन्ही जपून. शेवटचा वायसर बेबाबाईच्या बोटांत असताना डबा टेबलावर पोचला. लाइन थांबली नाही. साहेब मागून आले, अर्ध्या डब्याकडे बघत राहिले, मग चष्मा काढून पुसला. "अर्ध्या मिरचीला अर्धा डबा," ते पुटपुटले. "म्हणजे कमीजास्त मागणीही दाखवता येते. हे आम्हाला पुण्यात सुचलं नव्हतं." आधारभाऊंनी खुलासा केला नाही. तेवढं शहाणपण त्यांना त्या दिवसांत आलं होतं.

ऑर्डर मिळाली. आठवड्याभरात मोतीशेठनं पेढे वाटले, आधारभाऊंच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "इनचार्जसाहेब, आता हेच धुळ्याच्या शेडला बसवून द्या. पावसाळ्यापर्यंत राहा तिकडेच. खोली रंगवलेलीच आहे."

आधारभाऊंनी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला. नापास झाले असते तर धुळं, पास झाले तरी धुळंच. वरिष्ठांना उलट बोलण्याची त्यांना सवय नव्हती. पण लाटणं थांबलेलं त्यांना आठवलं आणि ते म्हणाले, "नाही शेठ. मी एकट्यानं जाऊन हे होणार नाही. ही रीत माझ्याजवळ नाही, बायांजवळ आहे. धुळ्याच्या बाया इथे आणा. आठवडाभर आमच्यात बसू द्या."

 शेठपुढे 'नाही' हा शब्द आधारभाऊंच्या तोंडून पहिल्यांदाच आला होता. खुद्द आधारभाऊच त्याच्याकडे वळून बघत होते.

"आणि राहतील कुठे त्या?" मोतीशेठनं विचारलं. "लॉजचं कोण देईल?"

"लॉज कसाले?" मागून द्रौपदाबाई कडाडल्या. "आमना घर उतरतीन! पाव्हन्या लॉजमा उतरतस का?"

मोतीशेठनं मनात आकडेमोड केली. फुकट हा शब्द त्यांना नेहमीच पटायचा. "बोलवा," ते म्हणाले.

धुळ्याच्या बाया सकाळच्या एसटीनं आल्या. त्यांच्या म्होरक्या झुंबरबाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज मळ्यातून हाक मारायचा. चहापाणी झालं, पोपटांचं कौतुक झालं. द्रौपदाबाईंनी अभिमानानं डबा रिकामा केला, आत लाल मिरची ठेवली आणि झाकण लावू लागल्या.

झुंबरबाईंनी त्यांचा हात धरला. "हाई काय करतस वं? मिरची धाडी ते दोन्ही घरमा भांडन व्हस!"

"कोन सांगस?"

"आमनाकडे बठ्ठासले माहित शे. हळदनं कुडकं धाडो."

"हळद? वायसर पिवळा व्हतीन ना!"

"पिवळा व्हयनात ते काय? मंगल दिखतीन!"

"आमनी मिरचीवर ऑर्डर उनी, बाई!"

"मंग ते भांडनबी तिन्हामागेच ई राहिनं, देख!"

दोन्हीकडच्या बाया उठून उभ्या राहिल्या. लाइन थांबली. अभिमन स्टोरच्या दारात येऊन विचारू लागला, की नेमका कोणता नियम चालू आहे. पुनानं गाडी सावलीला लावली. केबिनच्या काचेमागे मोतीशेठ उभे राहिलेले दिसले, आणि सगळ्यांच्या नजरा आधारभाऊंकडे वळल्या.

आधारभाऊंनी एक स्टूल ओढलं, भिंतीला पाठ लावून निवांत बसले आणि चहा सांगितला.

"भाऊ, काहीतरी बोला ना," बेबाबाई म्हणाली. "भांडताहेत हो!"

"भांडू दे," आधारभाऊ म्हणाले. "जळगावातच भांडताहेत ना."